मागच्या सहा खाचा

पडद्याआडून हसू आलं आणि पेंटरच्या हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवलेलाच राहिला. आधी बायको हसली. मग तो माणूस. मग दोघं मिळून. ब्रशातला निळा रंग डब्यात ढगासारखा पसरत गेला, तरी पेंटरचा हात काही हलेना.

“तू शाळेतही असंच करायचीस, मॉनिटर,” आतून आवाज आला. “आधी फळ्यावर नाव लिहायचीस, मग विचारायचीस, बोलत होतास का.”

“तू बोलतच असायचास, टाचणी. विचारायचं काय त्यात?”

टाचणी. शाळेत किडकिडीत होता म्हणून पडलेलं नाव. आता त्याच माणसाला खुर्चीच्या दोन हातांत बसताना अंग चोरावं लागत होतं, पण नाव तेच. पहिल्या दिवशी तो ‘मॉनिटर’ म्हणाला तेव्हा पेंटरला वाटलं, कम्प्युटरच्या पडद्याबद्दल बोलतोय. ते वर्गाच्या मॉनिटरबद्दल होतं. सव्वीस वर्षं संसार झाला, आणि आपली बायको शाळेत वर्गाची मॉनिटर होती हे आपल्याला एका दुरुस्तीवाल्याकडून कळावं, हे पेंटरला फार लागलं होतं.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्याला दाराऐवजी पडदा. पडद्याच्या पुढे पेंटर, त्याचे ब्रश, रंगाचे डबे आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक. पडद्याच्या मागे बायको, कम्प्युटर आणि विनाइलच्या चिकट कागदातून अक्षरं कापायचं मशीन. हातानं रंगवलेल्या पाट्या लोकांना नकोशा झाल्या तेव्हा बायकोनंच हे मागचं दुकान उभं केलं होतं. तयार अक्षरं तिला पसंत पडेनात. तिनं पेंटरनं रंगवलेल्या जुन्या पाट्या खाली उतरवल्या, त्यांच्यावरून एकेक अक्षर कम्प्युटरात गिरवलं, आणि दोन वर्षांत अख्खी बाराखडी जोडाक्षरांसकट तयार केली. त्यामुळे पेंटरनं ब्रश हातात न घेताही गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्याच अक्षरात असत. त्याला याचा अभिमान होता. चारचौघांत तो म्हणायचाही, “अक्षर आपलंच.” फक्त ते अक्षर जिथे राहत होतं त्या खोलीत तो कामाशिवाय पाऊल टाकत नसे. टाकण्याजोगं काही घडतच नसे.

मग मागच्या आठवड्यात कापायचं जुनं मशीन बंद पडलं ते पडलंच. नवं आलं, चकचकीत, पण त्याच्यासोबतची सीडी जुन्या कम्प्युटरनं उघडायलाच नकार दिला. नव्या मशीनला नवी सिस्टीम हवी होती. अक्षरांचा प्रोग्रॅम मात्र जुन्या सिस्टीमवरच चालायचा, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. दोघांचं सूत जुळवून देणारा कुणी हवा होता. बायको म्हणाली, “आमच्या वर्गात एक होता, त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे म्हणतात.” पेंटर म्हणाला, “बोलव की मग.” म्हणजे बोलावणंही त्याच्याच तोंडून गेलं होतं.

माणसाच्या मनात सहा शत्रू राहतात म्हणतात, आणि त्यात मत्सराचा नंबर शेवटचा. मोजणाऱ्यानं शेवटी मोजला असेल. घरात शिरायच्या वेळी मात्र हाच सगळ्यांच्या पुढे असतो, आणि पाहुणा म्हणून येऊन कर्ता होऊन बसतो. सोमवारी टाचणी आला तेव्हा पेंटरनं फक्त मान हलवली होती. मंगळवारी त्यानं दाढी केली. बुधवारी कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढला.

“कुठं निघालात?” बायकोनं विचारलं.

“कुठं नाही. दुकानातच आहे.”

तिनं शर्टाकडे एकदा पाहिलं आणि कॉलर मागून सारखी केली.

ब्रश डब्यातून काढून पेंटरनं फडक्याला पुसला. मग शेजारून तीन कप चहा मागवला, आणि आणणाऱ्याच्या हातातून ट्रे घेऊन स्वतःच पडदा बाजूला सारून आत गेला.

“या, भावोजी,” टाचणी म्हणाला. भावोजीचं हे नातं त्यानं स्वतःचं स्वतःच लावून घेतलं होतं. “तुमच्या मशीनसाठी सात वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरशी बोलणी करून देणारा प्रोग्रॅम, सापडला. मशीनचा नाही, तारेतल्या चिपचा. चोरवाटेनं आत शिरतोय बघा.”

“चोरवाटेनं शिरायची सवय दिसतेय,” पेंटर म्हणाला.

टाचणी मोठ्यानं हसला. बायकोही हसली, पण ओठांतल्या ओठांत. पेंटर हसला नाही. त्यानं भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि दोघांच्या मधोमध, जरा मागे, ठाण मांडलं. “हे काय, ते काय” असं विचारत राहिला. समजत काहीच नव्हतं. पण शब्द लक्षात ठेवत होता, कारण बायकोला ते शब्द येत होते आणि त्या माणसालाही येत होते, आणि त्या शब्दांच्या गावात आपण एकटेच परके आहोत हे त्याला सहन होत नव्हतं.

“एक सांगू का, मॉनिटर?” टाचणी म्हणाला. “नवा कम्प्युटर घे. एका दुपारचं काम. हा सगळा खटाटोप वाचेल.”

“आणि अक्षरं?”

“अक्षरं हजारो मिळतात. हवी तशी.”

“हवी तशी हीच आहेत,” ती म्हणाली. “तू आपला ड्रायव्हर बघ.”

पेंटरनं हे ऐकलं. पण ऐकलं ते एवढंच की बायको त्या माणसाला ‘तू’ म्हणते, आणि ते ‘तू’ तिच्या जिभेवर किती सहज येतं. आपल्याला ती अजून ‘अहो’च म्हणते. लग्नात ठरल्यासारखं.

संध्याकाळी मशीन चालू झालं. पातं विनाइलवरून सरसर फिरलं, ‘तपासणी कक्ष’ अशी अक्षरं उमटली. नव्या इस्पितळाच्या चौसष्ट खोल्यांच्या पाट्या सोमवारपर्यंत द्यायच्या होत्या; त्यातली ही पहिली. बायकोनं चिमट्यानं कडेचं विनाइल सोलून काढलं आणि अक्षर उजेडात धरलं. टाचणीनं टाळी द्यायला हात पुढे केला, आणि तिनं दिली. पेंटरनं आपले दोन्ही हात खिशात घातले.

दुकान बंद करताना त्यानं आपला नेम चुकवला नाही. फार वर्षांपूर्वी त्यांचा पहिला कम्प्युटर विजेच्या एका लोळात जळून गेला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी पेंटर मागच्या खोलीत फक्त तेवढ्यापुरता जायचा, एकूण एक तार उपसून काढायचा, गुंडाळायचा आणि मशीनवर चादर घालायचा. सकाळी बायको यायच्या आत सगळ्या तारा परत घालायचा. त्या खोलीतलं एवढंच काम त्याचं होतं, आणि त्यात कधी खाडा पडला नव्हता.

गुरुवारी सकाळी बायकोनं कम्प्युटर लावला आणि थोड्या वेळानं पडद्याआडून म्हणाली, “ओळखत नाही म्हणतोय.”

“काय ओळखत नाही?”

“मशीन. जोडलेलंच नाही म्हणतोय. टाचणीला फोन करते.”

टाचणी आला. कम्प्युटरमागे वाकला, बायकोला काहीतरी बोट ठेवून दाखवलं, पुन्हा खुर्चीत बसला. मशीन चालू. काम पाच मिनिटांचं, बसणं दीड तासाचं. शाळेतल्या कुणाकुणाचं काय झालं, कोण कुठे गेलं, गणिताच्या बाईंची छत्री कुणी लपवली होती. पेंटरनं चहा नेला आणि स्टुलावर बसून राहिला. पुढे गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून गेलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. ओळखत नाही म्हणतोय. फोन करते.

शेजारचा किल्लीवाला पायरीवर किल्ली घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “इंजिनियरसाहेबांचा मुक्कामच पडला म्हणायचा.”

“मशीन नवीन आहे. वेळ लागतो.”

“लागतो, लागतो. आमच्याकडेही एखादं कुलूप असतं. कुणाच्याच हाताला उघडत नाही, एका ठरावीक माणसाच्या हातालाच उघडतं.” त्यानं किल्लीवरचा कीस फुंकला. “एकटाच असतो म्हणे तो. बायको गेली का सोडून?”

“मला काय माहीत?”

“तुम्हाला माहीत असायला हवं, बाबा. रोज चहा तुम्ही पाजता.”

पेंटर आत गेला तेव्हा त्याच्या हातात ट्रे होता आणि छातीत निखारा. कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, “मला एक कळत नाही. संध्याकाळी चालू असतं, सकाळी बंद. रात्रीत काय होतं? का जाताना तुम्हीच काही करून जाता?”



टाचणीनं बायकोकडे पाहिलं. “मी काय सांगू, भावोजी? मॉनिटरला विचारा.”

बायको खाली वाकून चिमटा शोधत होती. चिमटा टेबलावरच होता. “चहा निवतोय,” ती म्हणाली. “घ्या दोघंही.”

त्या रात्री पेंटर जेवायला बसला. बायकोनं आणखी वाढू का विचारलं, त्यानं ताटावर हात आडवा धरला. झोपताना तिनं विचारलं, “शर्ट उद्याही घालणार आहात? इस्त्री मोडलीय.” तो कुशीवर वळला. डोळ्यांपुढे तेच येत होतं: टाळी द्यायला पुढे झालेला हात, आणि टेबलावरचा चिमटा खाली शोधणारी बायको. खोटं वागताना तिला कधी पाहिलं नव्हतं त्यानं. आता पाहिलं, आणि ते तिला जमतही नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

शनिवारी सकाळीही कम्प्युटरनं मशीन ओळखलं नाही. बायकोनं फोन लावला, तिकडून उचलला नाही. ती खोल्यांची यादी घेऊन इस्पितळात गेली. दोन नावं बदलली होती म्हणे. घाईत मोबाइल टेबलावरच राहिला. तासाभरानं तो वाजला. पेंटर आत गेला. मोबाइलच्या पडद्यावर ‘टाचणी’ अशी अक्षरं थरथरत होती.

“बोल, मॉनिटर. आज पण?”

“मी बोलतोय.”

“भावोजी, नमस्कार. ती कुठंय?”

“बाहेर गेलीय. मशीन बंद आहे.”

“मी आज परगावी आलोय हो, येणं जमायचं नाही. पण माझी गरजच नाही. तुम्हीच करा. कम्प्युटरच्या मागे बघा, मशीनची तार कुठल्या खाचेत आहे?”

“आहे एका खाचेत.”

“तिथंच चुकतं सगळं. मागे सहा खाचा आहेत. दिसायला सहाही सारख्या, पण ही जुनी सिस्टीम आहे ना, जुन्या वळणाची. तार दुसऱ्या दारानं आत आली की तिला वाटतं, आला कुणीतरी नवा पाहुणा. त्याला नवा नंबर देऊन बसते, सात म्हणा, आठ म्हणा. आणि तुमचा अक्षरांचा प्रोग्रॅम चार नंबरांच्या पुढे कुणाला ओळखच दाखवत नाही. खालच्या ओळीतली शेवटची खाच मी दोन नंबरची करून ठेवलीय. तार तिथंच ठेवायची. बास.”

 रोज सकाळी वाकून, अंदाजानं, जी हाताला लागेल त्या खाचेत तार खुपसणारा माणूस या दुकानात एकच होता.

“हे आधी का नाही सांगितलंत?” तो म्हणाला.

“सांगितलं की. गुरुवारीच तिला दाखवलं. खूण करून ठेव म्हटलं, तर तिनं लगेच रंगाचा ठिपकाही दिला. म्हणून तर शुक्रवारी फोन आला तेव्हा मी म्हटलं, एवढ्यासाठी मला कशाला बोलावतेस, तुझं तूच घाल. तर म्हणाली, ये रे, बस थोडा वेळ, आमचे हे चहा घेऊन येतील.” टाचणी हसला. “मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी चाललंय, मला मध्ये धरून. मी म्हटलं, धरा. चहा तर मिळतोय.”

पेंटरनं फोन ठेवला. मग त्यानं बॅटरी आणली, गुडघे टेकले आणि कम्प्युटरच्या मागे डोकं घातलं. धूळ, जाळी, सहा काळ्या खाचा. खालच्या ओळीतल्या शेवटच्या खाचेखाली लाल ठिपका होता. बारीक, गोल, कडेला कुठेही न फाकलेला. त्याच्याच डब्यातला रंग, आणि ब्रशही त्याचाच सगळ्यात बारीक घेतला असणार.

म्हणजे तिला माहीत होतं. गुरुवारी माहीत होतं, शुक्रवारी माहीत होतं, आज सकाळीही माहीत होतं. वाकून तार बदलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात तिनं फोन लावला होता. शुक्रवारच्या निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसं त्याला झालं. वाटलं, तार तशीच राहू द्यावी. वाटलं, तारच कापून टाकावी.

पण सोमवारी पाट्या द्यायच्या होत्या. त्यानं तार उपसली आणि लाल ठिपक्याच्या वर घातली. बायको करायची तसं एक बटण दाबलं, मग दुसरं. मशीन गुरगुरलं आणि चालू झालं.

पात्याखाली ‘प्रतीक्षा कक्ष’ उमटायला लागलं. पेंटर इतक्या जवळून हे पहिल्यांदाच पाहत होता. ‘क’च्या शेवटी पातं जरा खाली घसरलं आणि वर आलं. त्याला वाटलं, मशीन चुकलं. पुढच्या पाटीच्या ‘क’लाही तसंच. मग ओळखीचं वाटलं. वाण्याच्या दुकानाची पाटी रंगवताना एकदा शिडी हलली होती, आणि ‘क’चं शेपूट अर्धं बोट खाली गेलं होतं. तो ते विसरून गेला होता. तिनं गिरवताना ते सरळ करायला हवं होतं. एका हालचालीचं काम. तिनं ते केलं नव्हतं. तिनं कापलेल्या गावातल्या प्रत्येक ‘क’ला ते शेपूट होतं.

बायको आली तेव्हा नऊ पाट्या कापून झाल्या होत्या. दारातच मशीनचा आवाज ऐकून ती थांबली, मग पडदा सारून आत आली.

“चाललं?”

“चाललं.”

“टाचणी येऊन गेला?”

“नाही. परगावी गेलाय. मीच केलं.”

ती खुर्चीत बसली. यादी टेबलावर ठेवली, चष्मा काढून पदरानं पुसला. कम्प्युटरच्या मागे तिनं पाहिलं नाही.

“तार मीच घालत होतो रोज,” पेंटर म्हणाला. “चुकीच्या ठिकाणी.”

“हं.”

“तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगायचं नाही?”

तिनं चिमटा उचलला आणि पहिली पाटी सोलायला घेतली. ‘प्र’च्या पोटातला बारीक तुकडा निघायला वेळ लागला. तो निघाल्यावर, त्या तुकड्याकडेच बघत ती म्हणाली, “तो आला की तुम्ही आत येता.”

 पुढून गिऱ्हाइकानं हाक मारली. पेंटरनं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“जा,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक आहे.”

तो गेला. त्या गिऱ्हाइकाशी तो काय बोलला, त्याला नंतर आठवेना.

सोमवारी चौसष्ट पाट्या वेळेत गेल्या. मंगळवारी सकाळी तो तारा घालायला मागे गेला तेव्हा बायको आधीच येऊन खुर्चीत बसलेली होती. त्यानं बॅटरी लावली, गुडघे टेकले. लाल ठिपका अगदी समोर होता. तार हातात धरून पेंटर थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं ती वरच्या ओळीत घातली, उठला, हात झटकले आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

“बघ गं, काय म्हणतोय तो.”

बायकोनं चष्मा लावला. कम्प्युटरच्या पडद्यावर आलेली ओळ तिनं शेवटपर्यंत वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतेय.

“ओळखत नाही म्हणतोय.”

“मग?”

“बघावं लागेल,” ती म्हणाली आणि आपली खुर्ची इतकुशी सरकवली, स्टुलाला जागा व्हावी म्हणून. “वेळ लागेल.”

पुढून कुणीतरी हाक मारली. पेंटर उठला नाही.

“लागू दे,” तो म्हणाला.